वैद्याच्या शोधात एक संस्थान

माणसाने कोठे राहू नये याची एक यादी आपल्या जुन्या नीतिकारांनी करून ठेवली आहे. ज्या गावी धनिक नाही, वेदवेत्ता नाही, राजा नाही, नदी नाही आणि वैद्य नाही, तेथे एक दिवसही वस्ती करू नये, असे ते सांगतात. या पाचांपैकी धनिकाचे काम आता बँक करते, राजाचे कचेरी करते आणि नदी नळाने घरात येते. वैद्याची सोय मात्र अशी झालेली नाही. सरकारी नोकरीत बदल्यांवर बदल्या सोसलेल्या कोणालाही विचारावे. नव्या गावी सामान उतरले की पहिली चौकशी शाळेची, दुसरी पाण्याची आणि तिसरी डॉक्टरची. पहिल्या दोन प्रश्नांना शेजारी तत्काळ उत्तर देतात. तिसऱ्याला ते उलट विचारतात, "डॉक्टर म्हणजे कसला? ताप-खोकल्याला आहेत की. पण तसेच काही असेल, तर मग जिल्ह्याला जावे लागते."

हे 'तसेच काही' म्हणजे काय, ते सांगणाऱ्यालाही नीट ठाऊक नसते. हाड मोडले, गळू पिकले, बाळंतीण अडली, तर दुखणे कोठे आहे हे घरच्यांनाही दिसते आणि कोणाकडे धावावयाचे हेही कळते. परंतु माणूस महिनोन्महिने झिजत चालला आहे, पायावर सूज येते आहे, जिना चढताना धाप लागते आहे, संध्याकाळी अंग कोमट होते आहे, अशा वेळी रोगाचे नाव शोधून काढणारा जो वैद्य लागतो, त्याला आज आपण फिजिशियन म्हणतो. आयुर्वेदाची आठ अंगे सांगतात, त्यांतील पहिले कायचिकित्सा. तेच हे काम. या वैद्याच्या हाती शस्त्र नसते. विचारणे, पाहणे, हात लावून तपासणे, कान देणे आणि मग विचार करणे, एवढेच त्याचे भांडवल. लहान गावात असा माणूस का सापडत नाही, हा प्रश्न आजकालचा वाटतो. वस्तुतः त्याला सव्वाशे वर्षांचा तरी इतिहास आहे, आणि नोकरीच्या निमित्ताने म्हैसुरात राहण्याचा योग आल्यामुळे त्यातील पुष्कळसा मला एका जागी पाहावयास मिळाला.

म्हैसूरच का, असे कोणी विचारील. एक तर हे संस्थान आपल्या प्रजेच्या आरोग्याचा विचार दप्तर ठेवून करणाऱ्यांपैकी होते. येथील लोकांना नव्या गोष्टींची हौसही मोठी. ज्या 'आकाशवाणी' शब्दाने आपण आपल्या नभोवाणीला ओळखतो, तो शब्दसुद्धा येथला. मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या राहत्या घरी खाजगी प्रक्षेपण केंद्र उभारले, त्याला हे नाव मिळाले आणि पुढे ते साऱ्या देशाचे झाले. असो. दुसरे कारण असे की, म्हैसूर हे काही मुंबई-मद्राससारखे महानगर नव्हते. १९३१ च्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या जेमतेम लाखाच्या वर होती. राजधानी खरी, पण मनाने आणि आकाराने मोठे गावच.

१७९९ मध्ये टिपू पडला आणि वोडेयर घराणे पुन्हा गादीवर आले. १८३१ पासून पन्नास वर्षे कारभार इंग्रज आयुक्तांच्या हाती होता. १८८१ मध्ये तो राजाला परत मिळाला, तेव्हा संस्थानात पाश्चात्त्य वैद्यक शिकवणारे एकही महाविद्यालय नव्हते. मद्रासचे वैद्यकीय विद्यालय १८३५ चे, मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चे. म्हैसूरला डॉक्टर हवा असला की तो बाहेरून आणावा लागे, आणि बहुधा मद्रासहून. राजवाड्याला वैद्य होते, बाजारपेठेत हकीम होते, खेड्यात जडीबुटी जाणणारे होते. सर्वसामान्य माणसाचे आयुष्य त्यांच्याच भरवशावर चाले. नव्या वैद्यकाचा डॉक्टर म्हणजे प्रथम सरकारी अंमलदार. रोग्याचा जिवलग तो नंतर झाला, आणि सर्वत्र झालाच असेही नाही.

बाहेरून आणलेल्या या मंडळींत डॉ. पद्मनाभन पल्पू यांचे नाव आवर्जून घ्यावेसे वाटते. १८६३ साली तिरुवनंतपुरमला जन्मलेला हा ईळव समाजातील तरुण मद्रासला वैद्यक शिकून परतला, तेव्हा त्रावणकोर संस्थानाने जातीमुळे त्याला नोकरी नाकारली. म्हैसूरने त्याला ठेवून घेतले. बंगळुरात देवीची लस तयार करण्याच्या खात्यात त्याने काम केले. पुढे त्याने आपल्या समाजाच्या हक्कांसाठी तेरा हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज त्रावणकोर दरबारी धाडला (१८९६), ती हकीगत केरळच्या इतिहासात प्रसिद्धच आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील एवढेच ध्यानात ठेवावे की, डॉक्टरांची टंचाई होती असे ज्या काळाबद्दल आपण म्हणतो, त्याच काळात शिकलेला डॉक्टर दाराशी उभा असूनही एका दरबाराला तो दिसला नाही.

१८९८ च्या पावसाळ्यात मुंबई इलाख्यातून रेल्वेच्या वाटेने प्लेग बंगळुरास पोहोचला आणि तेथून म्हैसूरला. पुण्यात आदल्याच वर्षी रँडचे प्रकरण घडले होते. घरझडत्यांचा आणि विलगीकरणाच्या छावण्यांचा धसका मराठी मुलुखाने किती घेतला होता, हे सांगावयास नको. म्हैसूर संस्थानातही लोक रोगी लपवीत, आणि श्रीरंगपट्टणाच्या परिसरात प्लेगच्या नियमांवरून दंगा झाला. प्लेग कमिशनर म्हणून ज्यांच्यावर हा सारा भार पडला ते व्ही. पी. माधवराव कुंभकोणमचे, म्हणजे तंजावरच्या मराठी मंडळींपैकी. पुढे ते त्रावणकोरचे, १९०६ मध्ये म्हैसूरचे आणि नंतर बडोद्याचे दिवाण झाले. पल्पूही छावण्यांतून राबले. प्लेग ओसरल्यावर संस्थानाने दाट वस्त्या मोकळ्या करण्याचे काम हाती घेतले आणि १९०३ मध्ये म्हैसूर शहरासाठी सुधारणा मंडळ नेमले. आजही या शहराचे रुंद रस्ते पाहून पाहुणे राजेसाहेबांच्या रसिकतेचे कौतुक करतात. त्या रुंदीत उंदरांचा आणि पिसवांचाही वाटा आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही.

प्लेगने राज्याला आरोग्यखाते दिले. वैद्य काही दिला नाही. साथ आली की सरकार जागे होते; पण घरात एकटा झिजणारा माणूस ही काही साथ नव्हे. त्याच्यासाठी वैद्य घडवावा लागतो, आणि असा वैद्य केवळ पुस्तकाने घडत नाही. रोग्याच्या खाटेशी उभे राहून, जाणत्या गुरूच्या देखत, शेकडो रोगी तपासावे तेव्हा कोठे त्याला फुप्फुसातील पाणी आणि फुप्फुसातील गाठ यांतील फरक बोटांच्या ठोक्याने कळू लागतो. म्हणजे रुग्णालय हवे, अध्यापक हवे आणि त्या दोहोंना बांधणारे विद्यालय हवे.

१९०८ मध्ये, माधवरावांच्या दिवाणगिरीत, म्हैसुरात आयुर्वेदाचे सरकारी विद्यालय सुरू झाले. ते आजही चालू आहे. म्हैसूर विद्यापीठ १९१६ चे. पाश्चात्त्य वैद्यकाचे महाविद्यालय मात्र १९२४ मध्ये, कृष्णराज वोडेयर चौथे यांच्या कारकिर्दीत निघाले, आणि तेही प्रथम बंगळुरात. १९३० मध्ये ते म्हैसूरला आणून कृष्णराजेंद्र रुग्णालयाशी जोडले. आजच्या कर्नाटकाच्या हद्दीतील हे पहिले वैद्यकीय महाविद्यालय. लाखभर वस्तीच्या गावात वैद्यकाचे अध्यापक राहावयास आले, त्यांचे विद्यार्थी आले, आणि 'तसेच काही' झालेल्या माणसाला मद्रासची गाडी धरण्याची गरज उरली नाही. एखाद्या शहराचे भाग्य उघडावे तसाच हा प्रकार होता. तथापि त्याची दुसरी बाजू अशी की, शहरात आलेला फिजिशियन शहरातच राहिला. ज्या रुग्णालयात तो शिकला, त्या रुग्णालयाची प्रयोगशाळा, क्ष-किरण यंत्र आणि सल्ला देणारे ज्येष्ठ यांच्यावाचून आपली विद्या चालणार नाही अशी त्याची समजूत झाली, आणि ती सर्वस्वी चुकीची होती असेही म्हणता येत नाही.

राजघराण्यालाही या विद्येची मर्यादा सोसावी लागली होती. कृष्णराजांची बहीण राजकन्या कृष्णाजम्मण्णी आणि तिच्या मुली क्षयाने गेल्या. राजवाड्याला वैद्य मिळाला नाही असे थोडेच आहे? वैद्य मिळाला, औषधच जगात नव्हते. तिच्या स्मरणार्थ म्हैसूरजवळ क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. मोकळी हवा, दूध, विश्रांती आणि दैव, हाच तेव्हाचा उपचार. क्षयाला मारणारी पहिली औषधे १९४० नंतरच्या दशकात हाती आली, आणि १९५६ पासून मद्रासला झालेल्या प्रयोगाने सिद्ध केले की, घरी राहून औषध घेणारा रोगी आरोग्यधामातील रोग्याइतकाच बरा होतो. तो प्रयोग साऱ्या जगाने उचलला. आरोग्यधामाच्या भिंती एका अर्थी त्या दिवशी निरुपयोगी झाल्या, आणि प्रश्न गावच्या दवाखान्यावर येऊन ठेपला.

या दवाखान्यात कोण होते? येथे थोडे मागे जावे लागते. इंग्रजी अमदानीत डॉक्टरांचे दोन वर्ग होते. विद्यापीठाचे पदवीधर, आणि त्यांहून आखूड शिक्षण घेतलेले लायसेन्शिएट. तालुक्याच्या गावी, बाजाराच्या गावी जो डॉक्टर भेटे तो बहुधा या दुसऱ्या वर्गातला. १९४३ मध्ये नेमलेल्या आणि १९४६ मध्ये अहवाल देणाऱ्या आरोग्य समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे सनदी सेवेतले गृहस्थ, जन्म नाशिकचा. त्या समितीच्या हिशेबाने देशात सुमारे ४७,५०० नोंदलेले डॉक्टर होते आणि त्यांपैकी तीस हजारांच्या आसपास लायसेन्शिएट होते. समितीने ठरविले की, यापुढे डॉक्टर एकाच प्रतीचा असावा, पूर्ण शिकलेला असावा. लायसेन्शिएटांचे शिक्षण बंद करावे. काही सभासदांनी भिन्नमत नोंदविले, ते बाजूला पडले. तत्त्वतः समितीचे म्हणणे निर्विवाद होते. खेड्यातील माणसाने हलक्या प्रतीचा डॉक्टर का म्हणून पत्करावा? परंतु फायलीवर न्याय्य दिसणाऱ्या कित्येक निर्णयांप्रमाणे याचाही परिणाम फायलीबाहेर निराळा झाला. हलक्या प्रतीचा म्हटला गेलेला डॉक्टर यथाकाळ गावातून गेला, आणि वरच्या प्रतीचा तेथे आला नाही. आमच्या सेवेतील एका थोर माणसाच्या अहवालाबद्दल मी हे आदरानेच म्हणतो.

आता या इतिहासातील ज्या प्रकरणापाशी मला थांबावयाचे आहे, ते म्हैसूर शहरातले नाही, पण तेव्हाच्या म्हैसूर राज्यातलेच आहे. १९५९ मध्ये बंगळुरात राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. औषध आता स्वस्त आणि खात्रीचे झाले होते. प्रश्न रोगी शोधण्याचा होता. बहुतेक तज्ज्ञांचा समज असा की, खेडूत अडाणी, त्याला आपल्या रोगाची जाणीव नसते, तो आपण होऊन येणार नाही. म्हणून क्ष-किरण यंत्रे गाड्यांवर चढवून गावोगाव फिरवावी आणि रोगी हुडकून काढावे. देबाबर बॅनर्जी हे पेशाने डॉक्टर होते, पण समाजशास्त्राकडे वळलेले होते. त्यांनी आणि डेन्मार्कचे स्टिग अँडरसन यांनी एक साधी गोष्ट केली. तुमकूर जिल्ह्यात ज्यांना क्षय असल्याचे तपासणीत ठरले होते, अशा माणसांच्या घरी जाऊन त्यांनाच विचारले: तुम्हाला काही होते आहे का? होते आहे, तर त्याचे तुम्ही काय केले?

उत्तरे आली ती तज्ज्ञांचा समज उलथून टाकणारी होती. बहुतेकांना आपल्या शरीरात काहीतरी बिघडले आहे हे ठाऊक होते. बहुसंख्यांना त्याची काळजी लागून राहिली होती. आणि ज्यांच्या थुंकीत जंतू होते अशा रोग्यांपैकी सुमारे निम्मे लोक आपण होऊन सरकारी वा तत्सम दवाखान्यात जाऊन आले होते. तेथे त्यांना काय मिळाले? खोकल्याच्या औषधाची बाटली.

१९६३ मध्ये हा शोधनिबंध जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला. इतकी निमूट आणि इतकी जळजळीत साक्ष मी सरकारी कागदांत क्वचितच पाहिली आहे. आपण म्हणत आलो की, गावाला डॉक्टर सापडत नाही. येथे दिसते ते असे की, रोगी मैल-मैल चालून डॉक्टरपर्यंत पोहोचला होता, रांगेत उभा राहिला होता, आपली व्यथा त्याने सांगितलीही होती, आणि डॉक्टरला रोग सापडला नव्हता. डॉक्टर दुष्ट होता असे नाही. त्याच्यापुढे शंभर माणसे, प्रत्येकाला दोन मिनिटे, सूक्ष्मदर्शक यंत्र कपाटात किंवा नाहीच, आणि तीन आठवडे खोकणाऱ्याची थुंकी तपासून पाहावी असे त्याला कोणी सांगितलेले नाही. कायचिकित्सकाचे जे मूळ भांडवल, विचारणे आणि कान देणे, तेच त्या दवाखान्यात शिलकीला नव्हते.

या पाहणीचा परिणाम झाला. १९६२ पासून आखलेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाने रोगनिदान सामान्य दवाखान्यात, थुंकीच्या तपासणीवर आणून ठेवले. जो खोकत आपण होऊन येतो त्याला आधी पाहा, हे त्याचे सूत्र होते. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल तर क्षयाची तपासणी करावी, हा आजचा नियम त्याच विचाराचा वारस आहे. बंगळुरातील त्या मंडळींत हाफडान माहलर नावाचे एक डेन्मार्कचे डॉक्टर होते. ते पुढे जागतिक आरोग्य संघटनेचे महासंचालक झाले, आणि १९७८ च्या आल्मा-आता परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेची जी घोषणा झाली, तिच्यामागे त्यांचाच पुढाकार होता. तुमकूरच्या झोपड्यांतील उत्तरे तेथवर पोहोचली, असे म्हणण्यास हरकत नसावी.

म्हैसूरच्या महाविद्यालयाकडे परत वळतो. म्हैसूर शहरापासून दक्षिणेकडे सुमारे पन्नास किलोमीटरवर हेग्गडदेवनकोटे हा तालुका लागतो. बंडीपूर-नागरहोळेची अरण्ये आणि १९७४ मध्ये पुरे झालेले कबिनी धरण, या दोहोंमुळे जेनुकुरुब, काडुकुरुब हे आदिवासी आपल्या जागांवरून हलले. राज्यातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय इतक्या जवळ असून पन्नास वर्षांत तेथे डॉक्टर टिकत नव्हता. १९८४ मध्ये याच महाविद्यालयातील आर. बालसुब्रह्मण्यम् आणि त्यांच्या सहाध्यायांनी स्वामी विवेकानंद युवा चळवळ सुरू केली आणि पुढे काही जण या तालुक्यात राहावयास गेले. आधी लहानसा दवाखाना, मग केंचनहळ्ळीचे आणि सरगूरचे रुग्णालय, असा तो विस्तार आहे. त्याच्याही आधी, १९८१ मध्ये, बिळिगिरिरंगन डोंगरात डॉ. एच. सुदर्शन यांनी सोलिग आदिवासींसाठी विवेकानंद गिरिजन कल्याण केंद्र काढले होते. तो भाग १९९७ पर्यंत म्हैसूर जिल्ह्यातच मोडत असे. सोलिगांमध्ये रक्तातील विळ्याच्या आकाराच्या पेशींचा आनुवंशिक रोग असल्याचे तेथील कामातून पुढे आले. अंगदुखीवर गोळ्या देऊन वाटेला लावता येईल असाच हा रोग. नाव सापडावयास कोणीतरी तेथे वस्तीला असावे लागते.

महाराष्ट्रातील श्रोत्यांना याचे उदाहरण घरचेच आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये हिंमतराव बावस्कर हा तरुण डॉक्टर रुजू झाला. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत. गंभीर दंशाच्या रोग्यांपैकी सुमारे तिसरा हिस्सा जाई. विंचवाने माणूस मरतो तो वेदनेने, अशी समजूत. बावस्कर रात्र-रात्र खाटेशी बसून राहिले आणि त्यांना दिसले की, रोगी मरतो तो हृदय थकून फुप्फुसात पाणी भरल्याने. ही कायचिकित्सा होय. रक्तदाबावरचे प्राझोसिन नावाचे एक साधे औषध त्यांनी योजून पाहिले आणि मृत्यू झपाट्याने उतरले. त्यांचे निष्कर्ष लंडनच्या 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय पत्रिकेत छापून आले. मधल्या काळात पुण्याला जाऊन त्यांनी वैद्यकातील एम. डी. पदवी घेतली. ती घेतल्यावर ते महाडलाच परतले, हे वाक्य लिहावयास सोपे आहे. करून दाखविणारे फार थोडे.

किती थोडे, याचा हिशेब सरकारच ठेवते. साधारण एक लाख वीस हजार लोकवस्तीमागे तीस खाटांचे एक ग्रामीण रुग्णालय असावे आणि तेथे शल्यतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि फिजिशियन असे चौघे असावे, अशी योजना आहे. केंद्र शासनाच्या २०२१-२२ च्या आकडेवारीप्रमाणे या तज्ज्ञांच्या आवश्यक जागांपैकी पाचांत चार या हिशेबाने तूट होती. म्हैसूरला मात्र १९८४ मध्ये दुसरे वैद्यकीय महाविद्यालय मिळाले.

शेवटी एक हकीगत सांगावयाची राहिली आहे, ती म्हैसूर शहरातील मिशन रुग्णालयाची. विसाव्या शतकाच्या आरंभी वेस्लियन मिशनने स्त्रिया व मुलांसाठी काढलेले हे होल्ड्सवर्थ स्मारक रुग्णालय. तेथील सुइणींना एक शिस्त होती. १९३४ पासून तेथे जन्मणाऱ्या बाळांचे वजन, लांबी आणि डोक्याचा घेर वहीत टिपला जाई, आईचे वजनही. कशासाठी, असा प्रश्न त्या बायांनी कोणाला विचारला नसावा. मोजावयाचे म्हणून मोजले, आणि वह्या जपून ठेवल्या. हा जपणुकीचा भाग सरकारी माणसाला विशेष भावतो. नको त्या कागदांची निगा आणि हव्या त्यांची रद्दी, हा आमच्याकडील नित्याचा क्रम आहे.

इंग्लंडातील साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर हे डॉक्टर तेव्हा एक धाडसी कल्पना मांडीत होते. उतारवयात होणाऱ्या हृदयरोगाचे मूळ माणसाच्या गर्भावस्थेतील वाढीत असते, असे त्यांचे म्हणणे होते. इंग्लंडच्या जुन्या जन्मनोंदींवरून त्यांनी ते मांडले होते; हिंदुस्थानातील माणसांना ते लागू पडते काय, हे पाहावयाचे तर अर्ध्या शतकापूर्वीच्या, बाळाच्या वजनासकट विश्वसनीय नोंदी हव्या होत्या. त्या म्हैसुरात निघाल्या. त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि येथील डॉक्टरांनी १९३४ ते १९५४ या काळात त्या रुग्णालयात जन्मलेल्या आणि अद्याप शहरात राहणाऱ्या ५१७ स्त्री-पुरुषांना गाठून तपासले. १९९६ मध्ये निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले. जन्मतः अडीच किलो वा त्याहून कमी वजन असलेल्यांपैकी शेकडा ११ जणांना हृदयरोग निघाला, जन्मतः ३.१ किलोहून अधिक असलेल्यांत हेच प्रमाण शेकडा ३ होते. कमी वजनाचे बाळ आणि तिची आईही शंभर पौंडांहून हलकी, अशा जोडीत तर ते शेकडा वीसपर्यंत गेले.

पन्नाशीच्या माणसाच्या छातीत उठणाऱ्या कळेचे एक कारण त्याच्या आईच्या ताटात असू शकते, ही गोष्ट आज वैद्यकाच्या विद्यार्थ्याला नवी वाटत नाही. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून आसपासच्या खेड्यांतील गरोदर स्त्रियांच्या आहाराची जी प्रदीर्घ पाहणी चालविली, तिने हाच धागा मधुमेहापर्यंत नेला. आपली नवजात बाळे वजनाने हलकी दिसतात, परंतु चरबीच्या बाबतीत तशी नसतात, हे त्या पाहणीत आढळले. म्हैसुरातही काम तेथेच थांबले नाही. १९९७-९८ मध्ये त्याच होल्ड्सवर्थ रुग्णालयात आलेल्या गरोदर स्त्रियांची रक्तशर्करा तपासून नवी पाहणी सुरू झाली आणि त्यांच्या मुलांची वर्षानुवर्षे पुनःपुन्हा तपासणी होत राहिली. त्या वेळी जन्मलेली मुले आता सत्ताविशी-अठ्ठाविशीत आहेत. १९३४ च्या वहीत ज्यांच्या वजनाची पहिली नोंद झाली, ती बाळे हयात असतील तर नव्वदीपलीकडे आहेत.